उठताना श्वास सोडा

मी खुर्ची बोलतेय. फोटो स्टुडिओतली. माझ्यासारख्या खुर्चीवर तुम्ही कधी ना कधी बसला असालच; ओळखपत्रासाठी, नोकरीच्या अर्जासाठी, नाहीतर नव्या संसाराच्या पहिल्या फोटोसाठी. बसल्यावर तुम्ही समोर कॅमेऱ्याकडे बघितलं असेल. खाली कोण आहे याची चौकशी कोणी करत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. पण गेल्या वर्षभरात मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. मालक तेव्हा तिशीचेही नव्हते. नवा स्टुडिओ टाकायचा म्हणून खुर्ची सांगायला आले आणि त्यांनी सुताराचं डोकं उठवलं. "हात नकोत. पाठ सरळ. बैठक नेहमीपेक्षा बोटभर उंच. बसणारा माणूस सैल पडता कामा नये, आत्ता उठून जाईल असा दिसला पाहिजे."

"मग बसवताय तरी कशाला त्याला?" सुतार म्हणाला.

पण त्याने मला तशीच केली. टणक लाकूड, जाड पाय, मजबूत सांधे. शेवटी स्वतः माझ्यावर बसून त्याने मला चारही बाजूंनी हलवून पाहिलं. मी हूं की चूं केलं नाही. त्या दिवसापासून मी जरा ताठच आहे, हे कबूल करते.

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर. खालून वर चव्वेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत मालक आणि मालकीणबाई यांचा संसार. बाईंचं टेबल स्टुडिओच्या खिडकीशी. छापून आलेल्या फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायचे, सुरकुत्या पुसट करायच्या, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं कमी करायचं, हे त्यांचं काम. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून त्या तासन् तास बसायच्या. अनोळखी लोकांचे चेहरे त्यांना स्वतःच्या तळहातासारखे पाठ असत.

मालक मात्र कधी बसायचे नाहीत. दिवे सरकव, पडदा बदल, स्टुलावर चढ, अंधाऱ्या खोलीत जा, बाहेर ये. गावात कुठे कार्यक्रम असला की कॅमेऱ्याची जड बॅग खांद्याला लावून पायी निघायचे. माझ्यावर तर ते चुकूनही टेकले नाहीत. "ती गिऱ्हाइकाची खुर्ची आहे," असं म्हणायचे. मला त्यात मोठा मान वाटायचा.

माझ्यावर हजारो माणसं बसली. माणसाचा एक गंमतशीर स्वभाव मी पाहिलाय: फोटोसाठी बसला की तो आधी पोट आत घेतो, मग केस चाचपतो आणि मग 'मी तयार आहे' असा खोटा चेहरा करतो. नवरा-बायको आले की कोण बसणार आणि कोण उभं राहणार यावरून हलकीशी कुरबुर ठरलेली. तान्ह्या बाळांना माझ्या पाठीला टेकवून बसवायचे तेव्हा माझाच जीव वर-खाली व्हायचा.

सगळ्यांना मालकांचं एकच सांगणं असे. "हनुवटी जरा खाली. डोळे इकडे. आता श्वास रोखा. हलू नका..." मग बटणाचा आवाज, आणि मोकळा, खणखणीत शब्द: "झालं!"

आणि माझ्यावरचा माणूस भसकन श्वास सोडायचा.

एक गोष्ट फक्त मला आणि बाईंना माहीत होती. गिऱ्हाइकाबरोबर मालकही श्वास रोखायचे. हात हलला तर फोटो बिघडेल, ही जुन्या काळापासूनची सवय. ओठ डावीकडे दाबलेले, डावी भुवई वर, छाती थांबलेली. दिवसातून पन्नास-साठ वेळा, अशी चाळीसच्या वर वर्षं.

मग काळ बदलला. अंधारी खोली बंद झाली, तिथे झाडू आणि बादली राहायला आली. फोटो कॉम्प्युटरवर आले; बाईंच्या ब्रशाला फक्त दुरुस्तीला येणारे जुने फोटो उरले. वेगळं घर करून राहणाऱ्या मुलाने वडिलांना हौसेने एक खुर्ची आणून दिली. तिला चाकं होती, हात होते, आणि पाठीमागे रेलता येत होतं. तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण लोक म्हणतील जळते. जळतच होते! कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंत सहा पावलं. पण मालक ती सहा पावलंही त्या चाकावालीवरून सरकत जायचे. पाण्याची बाटली हवी, सरकले. कात्री हवी, सरकले. चांगले धडधाकट पाय असलेला माणूस चाकांवर फिरताना पाहून मला चैन पडेना. बाहेरची कामंही थांबली होती, कारण आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला होता. खालचा वाणी सामान वर पाठवून द्यायचा. आठ-आठ दिवस कोणी जिना उतरत नसे.

उतरलेच तर वर येताना मालकांना धाप लागायची. दारात उभं राहून ते कपाळ पुसायचे आणि म्हणायचे, "जिना फार उंच आहे हा."

"काल होता तेवढाच आहे," बाई मान वर न करता म्हणायच्या.

त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते आणि बाई सहासष्टच्या.

तो दिवस मला आजही नकोसा वाटतो. सकाळची वेळ. कोपऱ्यावरच्या दुकानातला जाडजूड शिंपी ओळखपत्राच्या फोटोसाठी माझ्यावर बसला होता. मालकांनी त्याची हनुवटी नीट केली, मागे गेले, कॅमेऱ्याला डोळा लावला. "श्वास रोखा. हलू नका..."

शिंपी इमानाने श्वास रोखून बसला. मी वाट पाहतेय, तोही वाट पाहतोय. पण 'झालं' काही येईना. शिंप्याची छाती फुगली, मांड्या थरथरायला लागल्या, आणि शेवटी त्याने फुस्स करून श्वास सोडला. "अहो, किती वेळ?" म्हणून त्याने पाहिलं तर मालक कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडला धरून वाकले होते. चेहरा घामाने डबडबलेला. उजवा हात छातीवर.

शिंप्याने मोठ्याने हाक मारली, "वहिनी, लवकर या!" आणि मालकांना धरून माझ्यावर बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर बसले, आणि तेही असे. त्यांचं सगळं अंग माझ्या पाठीवर कलंडलं. सुताराने मला ताठ का केलं होतं ते तेव्हा कळलं. मी त्यांना खाली पडू दिलं नाही.

रुग्णवाहिका वेळेत आली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा होता, तो काढून आत जाळी बसवली, हे मला पाच दिवसांनी कळलं. कसं कळलं? मुलगा आणि शिंपी तेच बोलत मला उचलून खाली घेऊन गेले, मालकांना माझ्यावर बसवलं आणि चव्वेचाळीस पायऱ्या वाहून वर आणलं. सगळ्या इमारतीने दारं उघडून पाहिलं. मालक मान खाली घालून बसले होते. शिंपी मध्येच थांबून "काही ओझं नाही हो तुमचं" म्हणाला, तेव्हा तर त्यांनी डोळेच मिटले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "त्यांना हळूहळू चालू द्या." मुलाने 'हळूहळू' तेवढं ऐकलं आणि 'चालू द्या' सोडून दिलं. त्याचा जीव होता वडिलांवर, पण त्या जिवापोटी त्याने हुकूमच काढला: स्टुडिओ बंद, जिना बंद, पाण्याचा पेला उचलणंसुद्धा बंद. "तीन महिन्यांनी तपासणी आहे. तेव्हा हा जिना स्वतःच्या पायांनी चढता येत असेल तर ठीक. नाहीतर बाबा, तुम्ही आणि आई माझ्याकडे यायचं. तळमजला आहे, सगळी सोय आहे. स्टुडिओ विकून टाकू."

बाई खिडकीशी गेल्या आणि कोरडा ब्रश पुसत बसल्या.

मला पलंगाशेजारी ठेवलं होतं, औषधं मांडायला. मालक दिवसभर पडून असत. पंधरा दिवसांत त्यांच्या पोटऱ्या अर्ध्या झाल्या. पलंगावरून उठायचं तर माझ्या पाठीला धरून, कण्हत उठायचे. तीन महिन्यांनी काय होणार हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती.

मग ताई आल्या. हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्यांना व्यायाम शिकवणं हे त्यांचं काम. रुग्णालयानेच पाठवलं होतं. शिडशिडीत बाई, पायांत मळके बूट, चव्वेचाळीस पायऱ्या चढून आल्या आणि लगेच बोलायला लागल्या.

"काका, हृदय हाही स्नायूच आहे. त्याला झोपवून ठेवलं तर तो बरा होत नाही, आळशी होतो."

"ताई, सत्तर वर्षांचा झालो मी. आता व्यायाम करून काय पैलवान होणार?"

"पैलवान नका होऊ. जिना चढा." त्यांनी मालकांची पोटरी दाबून पाहिली. "हे पाय बघा. पायांत ताकद नसली की प्रत्येक पावलाला हृदयाला जास्त राबावं लागतं. पाय भक्कम झाले की तेच काम हृदय कमी कष्टात करतं. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब खाली येतो. आणि हे सगळं सत्तरीतही होतं, ऐंशीतही होतं. उशीर झाला म्हणून शरीर कुणाला परत पाठवत नाही."

मी अगदी कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चाकावालीकडे पाहून नाक मुरडलं (माझं मन भरून आलं) आणि माझ्यावरची औषधं उचलून टेबलावर ठेवली.

"ही खुर्ची छान आहे. हात नाहीत, उंच आहे, हलत नाही. हिच्यावर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. पाच वेळा."

"फक्त बसायचं आणि उठायचं? हा काय व्यायाम?"

"करून बघा."

त्यांनी माझी पाठ भिंतीला लावली. मालक बसले, आणि उठताना त्यांचे हात आपोआप माझ्या कडा शोधायला लागले. हात छातीशी धरायला लावले तर उठताच येईना. तिसऱ्या प्रयत्नात कसेबसे उभे राहिले. कान लाल झाले होते, पण त्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःहून पाणी घेतलं.

ताईंनी नियम लावून दिले. स्टुडिओच्या दारापासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत अठरा पावलं. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं तिथेच येरझाऱ्या, दर आठवड्याला थोड्या वाढवायच्या. चालताना बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा, बोलता येत नसेल तर कमी करा. छातीत दुखलं, गरगरलं, की तिथेच थांबा आणि फोन करा. बाईंनी एक वही केली आणि रोजचे आकडे लिहायला लागल्या.

आठवडाभर बरं चाललं. आणि मग एका सकाळी, चौथ्यांदा उठताना, मालकांना गरगरलं. त्यांनी दाराची चौकट पकडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाईंनी लगेच फोन केला. डॉक्टरांनी बोलावून तपासलं, औषधांची मात्रा पाहिली. सगळं ठीक होतं. ताईही बुचकळ्यात पडल्या. गंमत म्हणजे येरझाऱ्यांना काही होत नव्हतं. माझ्यावरून उठतानाच डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मुलाला कळलं. फोनवरचा त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "बंद करा ते सगळं! रविवारी मी खोकी घेऊन येतो. सामान भरायला घेऊ."

मला कारण ठाऊक होतं. माझ्यावर बसलेल्या माणसाची छाती कधी थांबते हे माझ्याइतकं कुणाला कळणार? पण खुर्चीने बोलायचं कसं? त्या दोन रात्री मी नुसती चडफडत उभी होते.

शनिवारी सकाळी बाई टेबलावरून उठल्या. उठताना दोन्ही हात टेबलावर रेटले. मालकांसमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "एकदाच उठून दाखवा. माझ्यासमोर."

"आता काय उपयोग? उद्या तो येतोय."

"मला तुमचा चेहरा बघायचाय."

मालक बसले. हात छातीशी घेतले, पुढे झुकले आणि उठायला लागले.

"थांबा!" बाई म्हणाल्या. "अहो, तुम्ही आत्ता कुणाचा फोटो काढताय?"

"काय?"

"तोंड बघा तुमचं. ओठ डावीकडे, भुवई वर. हे तुमचं बटण दाबायच्या वेळचं तोंड आहे. श्वास कुठाय तुमचा?"

मालक अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. "श्वास? रोखलाय."

"कशाला?"

ते जरा विचारात पडले. "हलायला नको म्हणून."

"उठताना हलायला नको?" बाईंना हसू आवरेना. "अहो, हलायलाच तर सांगितलंय!"

मालकांनाही हसू फुटलं. हसताना ते उभे राहिले तेव्हा गरगरलं नाही. बाईंनी ताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, "काकू, माझ्या लक्षात यायला हवं होतं. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो आणि मग घसरतो. त्यानेच अंधारी येते. उठताना श्वास सोडायचा. पण चाळीस वर्षांची सवय कशी मोडायची?"

"त्याचं मी बघते," बाई म्हणाल्या. मालकांकडे वळून त्यांनी सांगितलं, "उठताना तुमचा तो शब्द म्हणा. मोठ्याने. बोलताना माणसाला श्वास कोंडता येत नाही."

मालक बसले, पुढे झुकले आणि उठताना गरजले, "झालं!"

दुसऱ्या दिवशी मुलगा खोकी घेऊन आला तेव्हा त्याला जिन्यापर्यंत आवाज येत होता. झालं! झालं! झालं! तो धावतच आत आला. त्याच्यासमोर मालक माझ्यावरून पाच वेळा उठले, एकदाही न धरता, आणि सहाव्यांदा उठून म्हणाले, "तुला वेळ आहे का? अजून चार बाकी आहेत." मुलाने खोकी दाराशी ठेवली. त्यालाच धाप लागली होती. तपासणीपर्यंत थांबायला तो तयार झाला.

त्यानंतरचे दिवस मी अभिमानाने सांगते. अठरा पावलांच्या येरझाऱ्या वीस मिनिटांवर गेल्या. ताईंनी जिना सुरू केला. आधी पाच पायऱ्या, मग अकरा, मग पहिला मजला. एके दिवशी मालक खाली उतरले आणि थेट शिंप्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. शिंपी पाहतच राहिला. मग आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालणं. सकाळी निघताना बूट घालायला माझ्यावर टेकायचे, आणि उठताना शेजाऱ्यांना जाग येईल एवढ्या मोठ्याने तो शब्द. सत्तरी गाठलेला माणूस, पण रोज शाळेत जाणाऱ्या मुलासारखी वेळ पाळायचा. पावसाची सर आली तर घरातच येरझाऱ्या. कंटाळा आला तरी येरझाऱ्या. मी अनेक नटलेली माणसं पाहिली आहेत, पण घामेजल्या बनियनमधल्या त्या माणसाइतकं देखणं कोणी पाहिलेलं नाही. चाकावाली एका शाळेच्या कचेरीत गेली. मी तिला शुभेच्छा दिल्या, अगदी मनापासून.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. रुग्णालयाच्या लांब, मोकळ्या व्हरांड्यात सहा मिनिटांत किती चालता हे मोजतात. पहिल्यांदा मालक दोनशे ऐंशी मीटर चालले होते, आता चारशे वीस. रक्तदाब खाली आला होता. डॉक्टरांनी काम सुरू करायला परवानगी दिली, मात्र औषधं आणि व्यायाम दोन्ही चालू ठेवायला बजावलं. त्या संध्याकाळी घरात मुलगा होता, ताई होत्या, चहा झाला, सगळे खुशीत होते. जीव भांड्यात पडला होता सगळ्यांचा, माझासुद्धा.

निघता निघता ताई सहज म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही एकदा बसून उठा बघू."

"मी? मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही म्हणूनच."

बाई हसत हसत येऊन माझ्यावर बसल्या. हात छातीशी घेतले, पुढे झुकल्या. मला त्यांचं वजन पुढे गेल्याचं कळलं, आणि लगेच परत मागे आल्याचंही. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा त्यांचे हात आपसूक माझ्या कडांना गेले.

चाळीस वर्षं बाई खिडकीशी बसून होत्या. मालकांची वही लिहायलाही बसूनच होत्या. ताईंनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा मालकांच्या पहिल्या आकड्यापेक्षा मोठा होता.

"आई, तुला धाप लागते का?" मुलाने विचारलं.

"जिन्यात जरा लागते," बाई म्हणाल्या. "पण यांच्या गडबडीत मी कुठे सांगत बसू?"

मालकांचा चेहरा पडला. आजाराच्या दिवशीही मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमचं कौतुक आहे मला. पण घर दोघांचं आहे आणि जिना दोघांना चढायचाय. आईला तिचं तिला उठता येत नसेल तर मी तुम्हाला इथे ठेवून शांत झोपू शकत नाही. दोन महिने थांबतो. मग मात्र काही ऐकणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मालक बाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, व्यायामाला परवानगी मिळाली. आणि ताईंनी युक्ती सांगितली: बैठक उंच असली की उठणं सोपं जातं, म्हणून आधी ती उंच करा आणि मग हळूहळू उतरवा. मालकांनी नमुन्याचे तीन जाडजूड अल्बम काढले, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या पट्ट्याने माझ्या बैठकीवर घट्ट आवळून बांधले आणि मला भिंतीशी नेऊन ठेवलं.

"आयुष्यभर या लोकांचे चेहरे साफ केले," बाई म्हणाल्या, "आता त्यांच्या डोक्यावर बसते."

तीन अल्बमांवरून त्या पहिल्या दिवशी दोनदा उठल्या. वही आता मालकांकडे आली. त्यांचं अक्षर वाईट आणि शिस्त कडक. "गुडघे बाहेर. छाती पुढे. श्वास सोड." बाई चिडायच्या. "माझी हनुवटी नीट करू नका, मी गिऱ्हाईक नाही!" कधी रुसून टेबलाकडे जायच्या. मालक मग एकटेच येरझाऱ्या घालायला लागायचे, आणि चौथ्या फेरीला बाई शेजारी आलेल्या असायच्या. टेबलावर त्यांनी घड्याळ ठेवलं. अर्धा तास झाला की ब्रश खाली ठेवून एक फेरी मारायची. चौथ्या आठवड्यात एक अल्बम गेला. सहाव्या आठवड्यात दुसरा.

शेवटचा अल्बम मात्र हलेना. तो काढला की बाईंचं वजन माझ्या काठापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. दोन महिने संपायला एक आठवडा उरला. मग चार दिवस. मग दोन. मालकांना जेवण जाईना. मला वाटायचं, मीच थोडी उंच झाले असते तर! त्या सुताराने बोटभर उंच केलं, दोन बोटं केलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?

ठरल्या रविवारी मुलगा आला. दाराशी उभा राहिला, बूटही काढले नाहीत. बाई आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी पट्टा सोडून अल्बम बाजूला ठेवला. माझ्या उघड्या लाकडावर बसल्या. पाय किंचित मागे घेतले. मालक हात पसरून अगदी समोर उभे, पडल्या तर धरता यावं म्हणून.

वजन पुढे आलं. काठापर्यंत आलं. तिथे थांबलं. माझे चारही पाय जमिनीला खिळले होते.

"अहो, सरका ना समोरून!" बाई वैतागून ओरडल्या. त्या ओरडण्यात सगळा श्वास बाहेर पडला, आणि त्याच श्वासाबरोबर त्यांचं वजन माझ्यावरून निघून गेलं.

त्या उभ्या होत्या. दोन्ही हात छातीशीच होते.

मालक बाजूला सरकले नाहीत. तिथेच उभे राहून लहान मुलासारखे रडायला लागले. कॅमेरा कोपऱ्यात होता, दिवा होता, मुलगा होता. फोटो काढायचं कुणालाही सुचलं नाही. बाईंनी मालकांच्या खांद्यावर थोपटलं आणि मुलाला म्हणाल्या, "बूट घातलेलेच आहेस ना? चल, खाली जाऊन वर येऊ. जिना बघायचाय ना तुला?"

दोघांची पावलं उतरताना ऐकू आली. मग चढताना. पहिल्या मजल्यावर एक पाऊल थांबलं. ते मुलाचं होतं. बाईंचं वर येत राहिलं.

त्या आत आल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तशाच खिडकीपर्यंत चालत गेल्या. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर बसावं म्हणून मी धडपडले. पण त्या दिवशी रिकामी उभी राहून मला जो आनंद झाला, तसा कधी झाला नव्हता.

आता माझा मागचा एक पाय थोडा कुरकुरतो, मालकांनी त्याला लोखंडी पट्टी ठोकलीय. स्टुडिओ सकाळी दोन तास उघडा असतो. त्याआधी रोज दोघंही माझ्यावरून उठतात, मालक दहा वेळा, बाई आठ वेळा. खोकी मुलगा परत घेऊन गेला. बाईंचा आकडा अजून हवा तेवढा उतरलेला नाही, पण उतरतोय.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेलच. तिच्यावर कपड्यांचा ढीग टाकू नका. घरात कुणी हृदयाच्या दुखण्यातून उठलं असेल तर डॉक्टरांना विचारून त्याला चालवा, उठवा, हलवा. त्याची काळजी तुम्ही घ्यालच. पण त्याची औषधं काढून देणारं, त्याचे आकडे लिहून ठेवणारं, 'मला काय झालंय?' म्हणणारं एक माणूस तिथेच कुठेतरी बसलेलं असेल. आज त्याच्यासमोर जा, आणि त्याला एकदा हात न टेकता उठायला सांगा.